कला आहे, पण कागद कुठे आहे?

आज बचत, हप्ता, व्याज यातलं फारसं काही नाही. आज आपल्यातल्या काही बायांबद्दल बोलायचं आहे. गटाच्या रजिस्टरात त्यांच्या नावापुढे धंदा म्हणून "शेतमजुरी" किंवा "घरकाम" लिहिलेलं असतं. गावात मात्र त्यांची ओळख वेगळी असते. कुणी भारूड म्हणते. कुणी जागरण-गोंधळाच्या पार्टीत गाते. कुणी पंधरा-वीस वर्षं तमाशाच्या फडात काढली. कुणाला जात्यावरच्या शेकडो ओव्या पाठ आहेत आणि ते काही विशेष आहे असं तिला स्वतःलाही वाटत नाही.

गेल्या काही महिन्यांत आम्ही ग्रामसंघांच्या बैठकांना जातो तेव्हा एक प्रश्न सारखा येतो. "ताई, कलाकारांसाठी सरकारचं काही असतं का?" आणि बैठकीतल्याच कुणीतरी लगेच उत्तर देतं, "असतं की, पण ते म्हाताऱ्यांना. तुझी पन्नाशी होऊ दे, मग बघू." विचारणारी बाई चाळीस-बेचाळीसची. ती गप्प बसते.

या उत्तराचं आम्हाला वाईट वाटतं, कारण पुढची दहा वर्षं काय होणार ते आपल्याला माहीत आहे. तमाशाचा हंगाम दसऱ्याला सुरू होतो आणि बुद्धपौर्णिमेला संपतो. पुढचे पावसाळ्याचे महिने हातात काही नसतं. भारूड आणि गोंधळवाल्यांचंही तेच, जत्रा आणि लग्नसराई संपली की बसून राहायचं. मुलं कॉलेजच्या वयाची झालेली, सासू-सासरे थकलेले, गुडघे कुरकुरायला लागलेले. मग ती खुरपणीला जाते, पुढच्या वर्षी हंगामालाही जात नाही, आणि पन्नाशीला तिला विचारलं की "कलाकार का?" तर ती म्हणते, "होते कधीतरी." गळा पक्का झालेला असतो, चाली पाठ झालेल्या असतात, चार पोरींना शिकवण्याइतकं हातात आलेलं असतं, नेमकी तेव्हाच ती सोडून देते.

म्हणून आज सांगायचं आहे ते हे, की मधल्या वयासाठीही पैसे आहेत. थोड्यांनाच मिळतात, सहज मिळत नाहीत, पण आहेत. आणि आपल्या बाया तिथे पोचत नाहीत त्याचं कारण कला कमी पडते हे नाही. कागद कमी पडतो.

आधी शब्दांची भानगड सोडवू. कर्ज म्हणजे परत करायचं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. पुरस्कार म्हणजे केलेल्या कामाचा सन्मान, तो बहुतेक वेळा उशिरा येतो. विठाबाई नारायणगावकरांना दोनदा राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. २००२ साली त्या गेल्या, आणि शेवटच्या आजारपणात दवाखान्याचा खर्च लोकांच्या मदतीतून भागवावा लागला. आज राज्य सरकार त्यांच्या नावाने तमाशा कलावंतांना जीवनगौरव पुरस्कार देतं. चांगलीच गोष्ट आहे. पण जीवनगौरव म्हणजे जीवन बरंचसं सरल्यावर. मानधन म्हणजे वय झाल्यावर दरमहा मिळणारा आधार. आणि अनुदान किंवा फेलोशिप म्हणजे पुढे करायच्या कामासाठी आधी दिलेले पैसे. ते परत करायचे नसतात. पण काम करून दाखवायचं असतं आणि हिशोब व अहवाल द्यायचा असतो. गटाला फिरता निधी येतो तेव्हा तो बँकेला परत करत नाही, पण वापरला कसा हे दाखवावं लागतं ना? साधारण तसं समजा.

आता वयाप्रमाणे काय काय आहे ते सांगतो. केंद्र सरकारच्या संस्कृती मंत्रालयाची तरुण कलाकारांची शिष्यवृत्ती आहे, १८ ते २५ वयाची, महिन्याला ५,००० रुपये, दोन वर्षं. ही तुमच्या मुलींसाठी ध्यानात ठेवा. त्यानंतर येते फेलोशिप. २५ ते ४० वयाच्या कलाकारांसाठी कनिष्ठ फेलोशिप, महिन्याला १०,००० रुपये. चाळीस आणि पुढच्या वयासाठी वरिष्ठ फेलोशिप, महिन्याला २०,००० रुपये. दोन्ही दोन वर्षांसाठी. संगीत, नृत्य, नाटक, चित्र-शिल्प, साहित्य यांच्यासोबत लोककला आणि पारंपरिक कला हा विषयही त्यात आहे. दिल्लीच्या सांस्कृतिक स्रोत आणि प्रशिक्षण केंद्रामार्फत, ज्याला सगळे सीसीआरटी म्हणतात, हे काम चालतं आणि अर्ज ऑनलाईन भरायचा असतो.

त्याच्या पुढे आपल्या राज्याचं मानधन, म्हणजे राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलावंत मानधन सन्मान योजना. वय पन्नासच्या वर, कलेतलं काम किमान पंधरा वर्षांचं, घरचं वार्षिक उत्पन्न ६०,००० रुपयांच्या आत. २०२४ पासून सगळ्यांना सारखेच महिन्याला ५,००० रुपये. साठीच्या पुढे केंद्राचीही वृद्ध कलाकारांसाठी मदत आहे, महिन्याला ६,००० रुपयांपर्यंत.

बघा, रकमा एकापुढे एक मांडल्या की काय दिसतं? सगळ्यात मोठी रक्कम मधल्या वयाला आहे. आणि गावात तिचीच बातमी नाही.

का नाही? एक तर जागा थोड्या. देशभरात वर्षाला कनिष्ठ दोनशे आणि वरिष्ठ दोनशे. त्यात सगळी राज्यं आली, सगळ्या कला आल्या. तेव्हा अर्ज केला म्हणजे मिळालंच असं मनात धरू नका. आणि मोठं कारण म्हणजे फेलोशिप तुमची गरिबी बघून मिळत नाही. "तुम्ही या दोन वर्षांत काय करणार, कसं करणार, ते लिहून द्या," असं ती विचारते. अभ्यासाचं, शोधाचं काम अपेक्षित असतं. आपली बाई म्हणते, "मला भारूड करायचंय." हे बरोबर आहे, पण अर्जासाठी पुरेसं नाही.

मग पुरेसं कसं करायचं? आम्ही एक गट बसवून हे करून बघितलं. भारूड म्हणणारी बाई बोलत होती आणि कॉलेजला जाणारी गटातल्याच एकीची मुलगी लिहीत होती. आम्ही फक्त प्रश्न विचारले. ही भारुडं तुम्हाला कुणी शिकवली? त्यांना कुणी? शेजारच्या कोणत्या गावात बाया भारूड म्हणतात? त्यांची चाल वेगळी का? सोंग कोणतं घेतात, लुगडं कसं नेसतात, हातात काय धरतात? अर्धा तास ती बाई सांगत होती. शेवटी जे कागदावर आलं ते असं होतं: तालुक्यातल्या बारा गावांत बाया म्हणतात ती भारुडं गोळा करणार, कुणाकडून शिकल्या ते लिहिणार, चालीसकट आवाज नोंदवणार, त्यातली वीस बसवून कार्यक्रम करणार, आणि सहा मुलींना शिकवणार. मग ते सहा-सहा महिन्यांच्या चार भागांत वाटलं, कारण फेलोशिपचे पैसेही सहा महिन्यांच्या चार हप्त्यांत येतात. पहिल्या सहा महिन्यांत कोणती गावं, दुसऱ्यात कोणती, शिकवणं कधी सुरू, कार्यक्रम कधी. बाईला लिहिता येत होतं फक्त सहीपुरतं. पण त्या कागदावर जे होतं ते सगळं तिचंच होतं. आम्हाला वाटतं शोधकाम म्हणजे हेच.

एक गोष्ट मात्र आधी तपासा. ज्या वर्षी जाहिरात निघेल त्या वर्षीची शिक्षणाची अट, वयाची तारीख आणि शेवटची तारीख नीट वाचून घ्या. वाचता येत नसेल तर गटाच्या लेखापालाकडून वाचून घ्या. कुणी सांगितलं म्हणून धावू नका.

सरकारबाहेरही एक दार आहे. बंगळूरला इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स नावाची संस्था आहे, १९९३ पासूनची. कलेवरच्या शोधकामाला, नव्या प्रयोगांना आणि शाळेतल्या कलाशिक्षणाला ती अनुदान देते. आपल्या कामाची गोष्ट अशी, की तिथे प्रस्ताव कोणत्याही भारतीय भाषेत देता येतो. म्हणजे मराठीत. इंग्रजी येत नाही म्हणून मागे राहिलेल्या बाया आम्ही खूप पाहिल्या आहेत. तिथे ही अडचण नाही.

आणि ज्यांना प्रवास, शोध वगैरे नको, शिकवायचं आहे, त्यांच्यासाठी गुरु-शिष्य परंपरा योजना आहे. ती क्षेत्रीय सांस्कृतिक केंद्रं चालवतात. आपल्या राज्याशी संबंध असलेली दोन, एक नागपूरचं दक्षिण मध्य आणि एक उदयपूरचं पश्चिम क्षेत्र. त्यात गुरूला महिन्याला ७,५०० रुपये, साथीदाराला ३,७५० आणि शिष्याला १,५०० मिळतात. मागे पडत चाललेल्या कला टिकाव्यात म्हणून ही योजना आहे. पोरीला दीड हजार मिळतात म्हटल्यावर घरचे तिला शिकायला पाठवतात, हाही फायदा आहेच.

प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेबद्दल पुष्कळजणी विचारतात. ती हाताने वस्तू बनवणाऱ्या अठरा व्यवसायांसाठी आहे, कुंभार, सुतार, टोपल्या-झाडू करणारे असे. अवजारांसाठी १५,००० रुपये आणि पुढे कमी व्याजाचं कर्ज. गाणाऱ्या-नाचणाऱ्यांसाठी ती नाही. तुमची कला टोपली विणण्याची असेल तर जरूर बघा.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. कागद.

पालघरकडच्या वारली समाजात लग्नाचा चौक भिंतीवर लिहायचं काम परंपरेने सवाशिणींचं. जिव्या सोमा मशे यांनी सत्तरच्या दशकात ही चित्रकला लग्नाच्या भिंतीवरून कागदावर आणली, जगभर नेली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचं कर्तृत्व मोठं आहे, त्यात शंका नाही. पण त्यांच्या आधी पिढ्यान्‌पिढ्या ज्या बायांनी चौक लिहिले, त्यांतल्या किती जणींची नावं आपल्याला सांगता येतील? भिंत सारवली की चित्र गेलं, आणि चित्राबरोबर नावही गेलं.

याच्या उलट उदाहरण आपल्याच बाजूचं आहे. हेमा राईरकर आणि गी पॉटव्हँ या दोघांनी सहकाऱ्यांना घेऊन खेड्यापाड्यांत फिरून एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. आणि ओवीबरोबर ती कुणी म्हटली, कोणत्या गावची, हेही लिहून ठेवलं. म्हणून आज त्या ओव्या "कुणीतरी अडाणी बायांनी रचलेल्या" राहिल्या नाहीत, त्यांना नाव आहे, गाव आहे. नोंद केली म्हणून हे झालं.

तेव्हा प्रत्येक कलाकार बाईची एक फाईल करा. पन्नाशीचं मानधन असो नाहीतर फेलोशिप असो, पुरावा लागतोच. मानधनाला तर पंधरा वर्षांच्या कामाचा पुरावा हवा. तो पन्नासाव्या वर्षी कुठून गोळा करणार? ज्या यात्रा कमिटीने बोलावलं तिचे पंच बदललेले असतात, फडमालक वारलेला असतो. म्हणून आज पस्तिशीत असाल तर आजपासून ठेवा. जत्रेची पत्रिका, ज्यात तुमचं नाव छापलंय. फोटो, आणि फोटोच्या मागे तारीख, गाव, कार्यक्रम. वर्तमानपत्रात आलेली दोन ओळींची बातमी, पेपराच्या नावासकट. ग्रामपंचायतीचं किंवा शाळेचं पत्र, की अमक्या दिवशी यांनी आमच्याकडे कार्यक्रम केला. हे पत्र त्याच आठवड्यात मागायचं. दहा वर्षांनी मागितलं तर तो खोटा दाखला होतो. तसले दाखले आम्ही देणार नाही आणि तुम्हीही घेऊ नका, खऱ्या कलाकाराची जागा त्याने जाते.

पत्रिकेवर एक गंमत असते. गंमत म्हणायची, पण हसू येत नाही. वर मोठ्या अक्षरात पार्टीचं नाव, खाली नवऱ्याचं किंवा दिराचं नाव "आणि सहकारी". गाणारी बाई त्या "सहकारी" शब्दात. पुढच्या वेळी पत्रिका छापायला जाताना सांगा, नाव पूर्ण छापा. एका ओळीने छपाईचा खर्च वाढत नाही.

आणि नाव कोणतं छापायचं? आधार कार्डावर सासरचं नाव, शाळेच्या दाखल्यावर माहेरचं, फडात तिसरंच, गावावरून पडलेलं. पासबुकावर अजून वेगळं स्पेलिंग. अर्ज बाद व्हायला एवढं पुरतं. आधार आणि पासबुक आधी एकसारखं करून घ्या. रंगमंचावरचं नाव वेगळं असेल तर दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र करून फाईलला लावा. आणि खातं स्वतःच्या एकटीच्या नावावर असू द्या. उत्पन्नाचा तहसीलदारांचा दाखला दरवर्षी नवा लागतो, तो अर्जाच्या वेळी काढा, आधी काढून उपयोग नाही.

सुपारीचे पैसे रोख मिळतात, त्याची पावती नसते. निदान वहीत लिहा: तारीख, गाव, किती मिळाले, साथीदारांना किती दिले. शक्य तिथे पैसे खात्यावर घ्या. गटाच्या इतिवृत्तातही "अमुक ताई या आठवड्यात अमुक गावी कार्यक्रमाला गेल्यामुळे बैठकीस गैरहजर" असं लिहायला सुरुवात करा. इतके दिवस आपण नुसतं "गैरहजर" लिहून दंड लावत होतो.

अंदाजपत्रकाबद्दल थोडं सांगतो, कारण इथे सगळ्याच बाया एकसारखं करतात. ढोलकीवाल्याचे पैसे लिहितात, टेम्पोचं भाडं लिहितात, चहा-नाष्टा लिहितात. स्वतःचे? "माझं काय, मी घरचीच." नाही. तुमच्या दिवसाची किंमत लिहा. त्या दिवशी खुरपणीला गेला असता तर मजुरी मिळाली असती ना, मग गाण्याची त्यापेक्षा कमी कशी? लहान मूल सांभाळायला कुणाला ठेवावं लागणार असेल तर तेही विचारून घ्या की खर्चात धरता येतं का. विचारायला पैसे पडत नाहीत.

पैसे मिळाले तर? पहिली गोष्ट, ते महिन्याच्या पगारासारखे येत नाहीत. सहामाही हप्ता असतो, अहवाल दिल्यावर पुढचा येतो, आणि उशीर होऊ शकतो. "येणारच आहेत" म्हणून मायक्रोफायनान्सचं कर्ज काढू नका. दुसरी गोष्ट घरातली. खात्यावर मोठी रक्कम दिसली की घरात दुचाकीची, बोअरची, पुतणीच्या लग्नाची चर्चा सुरू होते. घराला आधार झालाच पाहिजे, आम्ही नाही म्हणत नाही. पण कामाचे पैसे कामाला लागले नाहीत तर अहवालात काय लिहिणार, आणि पुढचा हप्ता कसा येणार? हे घरच्यांना अर्ज करायच्या आधीच, सगळ्यांसमोर सांगून ठेवा. सासूबाईंना विश्वासात घ्या. कित्येक ठिकाणी ओव्या शिकवणाऱ्या त्याच असतात, त्यांचं नाव प्रस्तावात आलं तर सगळ्यात आधी त्याच तुमच्या बाजूने बोलतील.

तालुक्याला एखादा माणूस भेटतो. "माझी वर ओळख आहे, मंजूर करून देतो, पहिल्या हप्त्यातले एवढे मला." त्याला नमस्कार करा आणि निघा. कोऱ्या कागदावर सही नाही, ओटीपी सांगायचा नाही, पासबुक-एटीएम हातात द्यायचं नाही. सेवा केंद्रात अर्ज भरायची जी फी लागेल ती पावती घेऊन द्या, तेवढंच.

राज्याच्या मानधनाला एका जिल्ह्यात वर्षाला शंभर जणांची निवड होते. पन्नाशी ओलांडलेल्या आपल्या आक्का-मावशींसाठी तो अर्ज ग्रामसंघाने मिळून भरायला घ्यावा, असं आम्हाला वाटतं. आणि कलाकार वारल्यावर ते मानधन त्यांच्या जोडीदाराला चालू राहतं, हे पुष्कळ विधवा बायांना कुणी सांगितलेलंच नसतं. गावात अशी कुणी असेल तर तिच्या घरी जाऊन सांगा.

पुढच्या मासिक बैठकीला प्रत्येक ग्रामसंघाने आपल्या गावातल्या कलाकार बायांची यादी आणावी. नाव, वय, कला, किती वर्षं, कुणाकडून शिकल्या. गटात नसलेल्या बायाही धरा. ज्यांच्याकडे जुन्या पत्रिका, फोटो असतील त्यांनी ते पिशवीत घालून घेऊन यावं. मोबाईलवर त्यांचे फोटो काढून ठेवू, मूळ कागद तुमचे तुमच्याकडेच राहतील. फाईल, पंच आणि दोऱ्याचा खर्च प्रभागसंघ करणार आहे. नमस्कार.